पुढून चीं, मागून खरखर: मोटरसायकलच्या ब्रेकची घरच्या घरी तपासणी

राजेंद्रनगर, इंदूर येथील एक वाचक भगिनी लिहितात: "माझी दीडशे सीसीची मोटरसायकल २०२० सालची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. रोज राऊवरून पिथमपूरला जाणे-येणे असते. श्रावणात आम्ही दोघे ओंकारेश्वरला जाऊन आलो आणि तेव्हापासून गाडी थांबत आली की पुढचा ब्रेक चीं करतो. मग मी गाडी घरी धुतली, चाकांना चमक आणणारा स्प्रे मारला, आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढला. मागचा ब्रेक दाबला की खरखरतो. ते जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसापासून सुरू आहे. मिस्त्री म्हणतात की पॅड, शू आणि डिस्क सगळेच बदला. सासरे म्हणतात की दोन थेंब तेल सोड, गप्प बसेल. घरी पान्यांचा संच आहे आणि मला असली कामे करायला आवडतात. हे काम घरी होईल का? तसेच, गाडी पार्किंगमधून मागे ढकलताना हल्ली जड लागते, पण ते बहुधा हवा कमी असल्यामुळे असावे."

सप्रेम नमस्कार.

उत्तराची सुरुवात आपल्या सासऱ्यांच्या सूचनेपासून करतो, कारण ती अमलात आणली गेली तर पुढचे काही वाचण्याची वेळच येणार नाही. ब्रेकच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर तेलाचा एक थेंबही जाता कामा नये. तेल सोडल्यावर आवाज थांबेल हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र तो थांबेल तो घर्षण गेल्यामुळे, आणि गाडी थांबते तीही त्याच घर्षणावर. बिजागरी, साखळी, स्टँडची पिन या ठिकाणी त्यांचा अनुभव जरूर कामी येईल. पुढची डिस्क आणि तिला दाबणारे पॅड, मागचा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे शू या चार वस्तूंपासून तेलाचा डबा लांब ठेवा, आणि साखळीला स्प्रे मारतानाही चाकाकडच्या बाजूला जाड पुठ्ठा धरत जा.

आता आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे येतो. ते आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. गाडी ढकलताना जड लागते, हे लक्षण आवाजापेक्षाही अधिक सांगणारे आहे. आधी पेट्रोलपंपावर दोन्ही टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्याला भरून घ्या. त्यानंतरही गाडी जड लागली, तर ती मुख्य स्टँडवर लावा, कोणाला तरी मागच्या सीटवर भार द्यायला सांगून पुढचे चाक जमिनीपासून उचला आणि ते हाताने फिरवा. पॅड डिस्कला किंचित चाटत असल्याचा हलका सूं-सूं आवाज येणे ठीक आहे, चाकाने मात्र मोकळेपणाने काही फेरे घेतले पाहिजेत. अर्ध्या फेऱ्यातच ते अडखळून थांबत असेल, तर लिव्हर सोडल्यावरही ब्रेक पुरता सुटत नाही असे समजावे. याची दुसरी खूण अशी की पुढचा ब्रेक फारसा न वापरता दोन-तीन किलोमीटर गाडी चालवून आणल्यावर डिस्कच्या जवळ तळहात नेला तर धग जाणवते. हात जवळ न्यायचा आहे, टेकवायचा नाही. अडकलेल्या ब्रेकची डिस्क कातडी भाजण्याइतकी तापू शकते.

ब्रेक सुटत का नाही, हे समजण्यासाठी त्याची रचना थोडक्यात पाहू. आपल्या वर्गातील बहुतेक गाड्यांना तरते कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन पॅड दाबणारा सरकता भाग, असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो; लिव्हर दाबली की ब्रेक ऑइलच्या दाबाने तो आपल्याकडचा पॅड डिस्कवर टेकवतो, आणि मग त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून सरकून पलीकडचा पॅडही डिस्कवर आणते. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग आत कोठेही नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी कडी असते. दाबाखाली ती किंचित पिळली जाते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. सगळी सुटका या केसभर अंतरावर अवलंबून असते. त्यामुळे पिस्टनच्या बाहेर आलेल्या कडेवर धुळीचे आणि पॅडच्या भुकटीचे काळे कडे बसले, किंवा पिनांवरचे ग्रीस सुकून घट्ट झाले, की कॅलिपर अर्धवट धरून बसते, पॅड सतत घासत राहतो, तापतो, चकाकतो आणि ओरडू लागतो. पावसाळ्यात माळव्यातली काळी माती चाकाबरोबर उडून कॅलिपरच्या सांध्यांत बसते आणि वाळली की खरवडल्याशिवाय निघत नाही, हे आपण मडगार्डच्या आत पाहिलेच असेल.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो: आधी पिना आणि पिस्टन, नंतर पॅड, आणि डिस्क सर्वांत शेवटी. नवे पॅड अडकलेल्या कॅलिपरमध्ये घातले, तर पंधरवडाभर शांतता मिळते आणि मग तोच आवाज परत येतो. मिस्त्रींनी आपल्याला फसवले असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या गॅरेजमध्ये पिना काढून साफ करण्यात जाणाऱ्या वेळेचे वेगळे पैसे कोणी देत नाही, आणि सगळे भाग बदलले की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येण्याची शक्यता कमी होते. त्यांच्या बाजूने तो सल्ला सोयीचा आहे.

आवाजाचे प्रकार मात्र नीट ओळखले पाहिजेत, कारण त्यांतील एक प्रकार दुरुस्तीसाठी रविवारच्या सुटीपर्यंत थांबणारा नाही. खडू फळ्यावर विशिष्ट कोनात धरला की जसा किंचाळतो, तसा पॅड डिस्कवर सेकंदाला हजारो वेळा धरतो आणि सुटतो. त्या कंपनाचा आवाज म्हणजे आपली चीं. ती बहुधा कमी वेगात, हलक्या दाबाला येते. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात वेगाच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा मार्ग आहे, पण ही चीं ऐकण्यासाठी जेलरोडवरची संध्याकाळची गर्दी अधिक सोयीची. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांनाच येणारा आणि नंतर जाणारा आवाज सोडून द्यावा. मोटरसायकलची डिस्क बहुधा स्टेनलेस पोलादाची असली, तरी तिच्यावर बसलेल्या पॅडच्या भुकटीत लोहाचे कण असू शकतात, आणि रात्रीच्या ओलाव्याने त्यांवर गंजाचा पातळ थर येतो. रस्त्यावरच्या खड्ड्यांत टकटक वाजणे आणि ब्रेक लावताच ते थांबणे, हे पॅडमागची पातळ पत्र्याची स्प्रिंग निसटल्याचे किंवा उलटी बसवल्याचे लक्षण आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच घासल्याचा आवाज येऊन लिव्हरही बोटांखाली धडधडत असेल, तर डिस्क वाकलेली असू शकते. जोरात ब्रेक लावल्यावर लिव्हरला थरथर येऊन कटकट ऐकू येणे मात्र एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, नेहमीचे काम आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, म्हणून आपल्या गाडीला ते आहे, आणि पहिल्यांदा अनुभवणारे अनेक जण त्याला बिघाड समजतात. राहिला तो धोक्याचा प्रकार: ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा जाड, कोरडा खर्र आवाज. पुढच्या चाकातून तो आला, तर पॅडचे अस्तर संपून मागची पोलादी पाटी डिस्कला लागली आहे असे धरून चाला, आणि गाडी त्याच जागी उभी करा.

आपल्याकडे दोन संशयित आहेत आणि दोघांना वेगळे करता येते. ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरावा लागतो. दोन माणसांचे ओझे, ओला रस्ता आणि पुढे ट्रकांची रांग असल्यावर माणूस तिथे लिव्हर अर्धवट दाबून ठेवूनच उतरतो. अशा सलग दाबाने पॅड इतका तापतो की त्यातील चिकट द्रव्य पृष्ठभागावर येऊन काचेसारखा कडक थर तयार होतो. असा पॅड ओरडतो आणि नेहमीसारखी पकड मिळवण्यासाठी लिव्हर अधिक जोराने दाबावी लागते. दुसरा संशयित आपला चमकेचा स्प्रे. अशा स्प्रेमध्ये बहुधा सिलिकॉन असते, आणि मिश्रधातूच्या चाकाच्या आऱ्यांवर मारलेल्या फवाऱ्यातला काही भाग बोटभर अंतरावरच्या डिस्कवर बसल्याशिवाय राहत नाही. तो पॅडमध्ये मुरला तर आवाजाबरोबर पकडही जाते, आणि ती एकसारखी जात नाही. ब्रेक कधी धरतो, कधी घसरल्यासारखा वाटतो. घाटानंतर आवाज सुरू झाला आणि स्प्रेनंतर वाढला, या आपल्या क्रमावरून दोघांचाही हात असावा. ढकलताना जाणवणारा जडपणा तिसऱ्याकडे, म्हणजे कॅलिपरकडे, बोट दाखवतो. पॅड हातात घेतल्यावर निकाल लागेल.

कामाला बसण्यापूर्वी छोटी ग्वालटोलीतल्या सुट्या भागांच्या दुकानातून ब्रेक क्लीनरचा एक डबा आणि रबराला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणून ठेवा. घरातले साधे ग्रीस पिनांना लावू नका. ते खनिज तेलापासून बनते, आणि त्याने पिनांवरच्या रबरी टोप्या व आतल्या कड्या फुगून बसतात, म्हणजे ज्या रोगावर औषध करायचे तोच रोग महिन्याभरात परत येतो. पेट्रोल आणि रॉकेल याच कारणाने वर्ज्य आहेत. एक टाकाऊ दातांचा ब्रश, स्वच्छ सुती फडकी, काचपेपर, तोंडाला मास्क आणि हातमोजे एवढे पुरे. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरने हवा मारून ड्रम साफ करतात ते पाहायला झटपट वाटते, पण ती बारीक भुकटी थेट छातीत जाते आणि जुन्या अस्तरांत तर अॅस्बेस्टॉसही असे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकणे हीच पद्धत ठेवा.

गाडी पक्क्या फरशीवर मुख्य स्टँडवर लावा आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढत जा. पॅडमागची स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली होती हे अर्ध्या तासाने कोणालाही आठवत नाही. कॅलिपर फोर्कला घट्ट बसलेले असतानाच पॅड अडकवून ठेवणारी पिन थोडी सैल करून घ्या; आधी कॅलिपर सोडवले, तर ते हातात फिरत राहते आणि पिनेचे अॅलनचे (षट्कोनी खाचेचे) डोके झिजून गोल होते. नंतर कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, एबीएसच्या सेन्सरची वायर क्लिपमधून अलगद मोकळी करा आणि कॅलिपर सुतळीने हँडलला टांगून ठेवा. ते ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळी वरून धड दिसली, तरी आतून चिरत जाते.

पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा आणि उजेडात नीट पाहा. दोन्हींच्या अस्तराची जाडी सारखी असायला हवी. एक बराच झिजला आहे आणि दुसरा जवळजवळ नवा दिसतो, किंवा एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा उतरता झाला आहे, असे असेल तर पिना अडकल्या आहेत याचा पुरावा आपल्या हातात आला. पॅडच्या अस्तरात एक चर असते. ती बुजत आली असेल किंवा अस्तर दीड मिलिमीटरच्या आसपास उरले असेल, तर पुढचा विचार न करता नवी जोडी घ्या. जाडी पुरेशी असून पृष्ठभाग गुळगुळीत, काळपट आणि उजेडात चमकणारा असेल, तर ते घाटाचे देणे आहे. काचपेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर पॅड इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा, म्हणजे चकाकी जाऊन सगळीकडे सारखा खरखरीत रंग येईल. १२० ते १८० नंबरचा कागद यासाठी चालतो. पॅडच्या ज्या दोन कडा डिस्कवर आधी आणि शेवटी येतात, त्या कानशीने किंचित तिरक्या करून घ्याव्यात, कारण धारदार कड आवाजाला निमंत्रण देते. परंतु अस्तरावर ओलसर, गडद डाग दिसला, किंवा क्लीनरने पुसून वाळवल्यावरही तो पुन्हा उमटला, तर पॅड बादच करावेत. ते गॅसवर भाजून घ्या असा सल्ला आपल्याला कोठे ना कोठे मिळेल. अस्तर पोलादी पाटीला चिकटवलेले असते. ते भाजून वाचवलेल्या पैशांवर मी स्वतःच्या घरच्या माणसाला बसू देणार नाही. डाग स्प्रेचा वाटत असला, तरी त्याच वेळी फोर्कच्या नळीवरही बोट फिरवून पाहा: ऑइल सील गळत असेल तर तेल ओघळून थेट कॅलिपरवर येते, आणि मग नव्या पॅडचीही तीच गत होते.

आता मुख्य काम. कॅलिपरच्या ब्रॅकेटला दोन्ही हातांनी धरून पिनांवरून पुढे-मागे सरकवा. ते अंगठ्याच्या दाबाने सरकायला हवे. आपल्या बाबतीत ते अडखळेल असा माझा कयास आहे. ओढून वेगळे केल्यावर पिनेवर गुळाच्या पाकासारखे तपकिरी, सुकलेले ग्रीस दिसेल, आणि रबरी टोपीच्या घडीत मातीची कड सापडेल. पिना क्लीनरने लख्ख पुसा, त्या बसण्याची भोकेही आतून पुसा, आणि पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिनच बदला. ती महाग नसते. टोप्या फाटल्या नसतील तर साफ करून परत घाला आणि पिनांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. जास्त ग्रीस भरले तर आत हवा कोंडून पिन परत बाहेर ढकलली जाते.

पिस्टनसाठी एका माणसाची मदत घ्या. दोन्ही पॅड बाहेर असताना मधोमध लाकडाची जाड पट्टी धरा आणि दुसऱ्या व्यक्तीला लिव्हर अगदी हळू, एक-दोनदाच दाबायला सांगा, म्हणजे पिस्टन काही मिलिमीटर पुढे येईल. पट्टी नसेल तर तो पूर्ण बाहेर निसटू शकतो, आणि मग काम आपल्या हाताबाहेर जाते. बाहेर आलेल्या कडेवर जे काळे कडे दिसेल, ते साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने सगळ्या बाजूंनी घासा, पुसून वाळवा, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी पिस्टन सरळ आत दाबा. तो तिरका जाऊ देऊ नका. पक्कड तर लावूच नका. हे करताना हँडलवरच्या टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वर चढते, म्हणून टाकीभोवती आधीच फडके गुंडाळा. हे ऑइल रंगावर पडले तर रंग सोलवटतो, आणि पडलेच तर लगेच भरपूर पाणी ओता. साफ करूनही पिस्टन अंगठ्याने हलत नसेल, किंवा त्याच्या कडेने ऑइल झिरपताना दिसत असेल, तर तिथेच थांबून कॅलिपरची कड्यांची जोडी बदलण्याचे काम जाणकाराकडे द्यावे.

डिस्क दोन्ही बाजूंनी क्लीनरने ओल्या केलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. फडक्यावर डाग येणे थांबेपर्यंत फडकी बदलत राहा. स्प्रेचा अंश याच टप्प्यावर जातो. पॅड परत बसवताना त्यांच्या पाठीमागच्या पोलादी पाटीला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, उष्णता सोसणारे तांब्याचे किंवा सिरॅमिक ग्रीस नखाएवढे लावले तर कंपने शोषली जातात; अस्तरावर त्याचा ठिपकाही जाऊ देऊ नका. काही पॅडच्या पाठीला पातळ पत्रा असतो. तो कचरा समजून फेकला जातो आणि मग चीं सुरू होते. तो त्याच कामासाठी दिलेला असतो, परत लावा. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणाने आवळा. टॉर्क पाना नसेल तर आवळून झाल्यावर जवळच्या गॅरेजमध्ये तेवढे तपासून घेण्यात कमीपणा नाही.

आणि आता या पत्रातील सर्वांत गंभीर सूचना. पिस्टन मागे दाबलेला असल्यामुळे पहिल्या खेपेला लिव्हर सरळ हँडलला टेकेल आणि ब्रेक लागणारच नाही. गाडी स्टँडवर असतानाच लिव्हर पुन्हा पुन्हा दाबत राहा, ती घट्ट लागेपर्यंत. त्यानंतर टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना हे पाहा. मग चाक फिरवा, पुन्हा दाबा, पुन्हा फिरवा. चाक मोकळे फिरू लागले असेल तर जडपणाचे कारण सापडले. पहिली फेरी कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर घ्या: ताशी ४० च्या वेगावरून हलक्या, सलग दाबाने १० पर्यंत या, पूर्ण थांबू नका, थोडे अंतर चालवून डिस्क निवू द्या आणि असे आठ-दहा वेळा करा. घासलेला किंवा नवा पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत त्याची पकड कमी असते, म्हणून पहिले दोन दिवस एबी रोडवर पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे.

मागच्या खरखरीबद्दल. जुलैच्या पावसापासून सुरू झाली, या आपल्याच शब्दांत तिचे कारण बरेचसे आले आहे: साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की गढूळ पाणी ड्रममध्ये शिरते, पाणी वाळून जाते आणि बारीक रेती शूच्या भुकटीत मिसळून आतच राहते. चाक न काढता एक गोष्ट पाहता येते. ब्रेकच्या दांड्याच्या मुळाशी एक बाण असतो आणि पाटीवर खूण. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला तर शू संपले आहेत. तो बराच अलीकडे थांबत असेल, तर शू बदलण्याची घाई नाही, ड्रम उघडून साफ करणे पुरे. मुख्य स्टँड असेल तर मागचे चाक घरी काढता येते, मात्र परत बसवताना साखळीचा सैलपणा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या लावणे हे नव्या हाताला जड जाते, म्हणून पुढचे काम यशस्वी झाल्यावरच याला हात घालावा. उघडल्यावर भुकटी ओल्या फडक्याने पुसा, शूची चकाकी काचपेपरने काढा आणि शू फाकवणाऱ्या कॅमच्या पिनेला उष्णता सोसणारे ग्रीस अगदी जरासे लावा. ड्रमच्या आत नखाला अडकेल अशी खोल चर असेल तर ड्रमवर कोरलेला कमाल व्यास पाहा. १३० मिलिमीटरच्या ड्रमला तो साधारण १३१ असतो. शेवटी पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक लागू लागण्यापूर्वी पेडल जेवढे खाली जाते ते अंतर, २० ते ३० मिलिमीटर ठेवा आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का ते पाहा.

डिस्क बदलण्याचा निर्णय मापावर घ्या. कमीत कमी जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. डिस्क पॅडच्या पट्ट्यात झिजते आणि बाहेरची कड उंच राहते, त्यामुळे साध्या व्हर्नियरचे जबडे कडेवर टेकून जाडी आहे त्याहून जास्त दाखवतात. आपण पिथमपुरात जाता, तेथील एखाद्या कार्यशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून मायक्रोमीटरने चार जागी मोजून घ्या. माप आकड्याच्या वर असेल, तडे नसतील आणि लिव्हर धडधडत नसेल, तर त्या डिस्कला अजून काम आहे. हलक्या वर्तुळाकार रेषा सगळ्याच डिस्कांवर असतात.

एक काम मात्र मिस्त्रींकडेच द्या. २०२० पासून ब्रेक ऑइल बदललेच नसेल तर ते बदलण्याची वेळ केव्हाच उलटून गेली आहे. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, कारण ते हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये ऑइलची वाफ झाली की लिव्हर अचानक मऊ पडते. पहिल्याच प्रयत्नात एबीएसच्या नळ्यांमधून हवा काढण्याचा घाट घरी घालू नये असे मला वाटते. टाकीच्या झाकणावर जी डॉट संख्या लिहिली असेल तीच प्रत घ्या, बंद डब्यातली, आणि डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. पुढच्या खेपेला भेरूघाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी रोखू द्या, आणि ब्रेक सतत चाटत ठेवण्याऐवजी थोडा ठामपणे लावून पूर्ण सोडा.

रविवारपर्यंत पिथमपूरला जावे का, हे आपण विचारले नाही, पण तो प्रश्न उरतोच. नुसती चीं असेल आणि पकड नेहमीसारखी असेल तर सावकाश जाता येईल. पकड कमी-जास्त होत असेल, खर्र आवाज आला असेल किंवा डिस्कजवळ धग लागत असेल, तर तोपर्यंत बसने जा. जुने पॅड बदललेत तरी लगेच फेकू नका. मिस्त्रींकडे जाण्याची वेळ आलीच, तर ते दोन्ही पॅड, कोणता आतला आणि कोणता बाहेरचा हे लिहून, बरोबर न्या. त्यांची झीज पाहून कॅलिपरचा दोष त्यांना न उघडताच कळेल, आणि डिस्क बदलण्याची चर्चा तिथेच थांबेल.